मदत हवी आहे: नर्सिंगमधून हॉस्पिटलच्या व्यवस्थापनात जायचंय, एमएस्सी करू की अ‍ॅडमिनिस्ट्रेशन?

नमस्कार मंडळी. वय ४१. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक बीएस्सी. १९ वर्षं झाली या कामात. स्टाफ नर्स, आयसीयू इन्चार्ज आणि आता मुंबईतल्या एका २०० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात असिस्टंट नर्सिंग सुपरिंटेंडंट. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, उद्या ड्युटी आहे.

आमची शिडी मेट्रनपाशी संपते (हल्ली सीएनओ, चीफ नर्सिंग ऑफिसर म्हणतात, खुर्ची तीच). त्यापुढच्या केबिनमध्ये डॉक्टर नाहीतर एमबीए. मला सीओओ, म्हणजे अख्ख्या हॉस्पिटलचा रोजचा कारभार बघणारी अधिकारी व्हायचंय. लिहिताना माझं मलाच हसू येतंय, पण व्हायचंय.

गेल्या महिन्यात मीटिंगला विषय निघाला, कॅज्युअल्टीत पेशंट ताटकळतात, खाटा वाढवायच्या का? पडद्यावर एआरपीओबी (भरलेल्या खाटेमागे दिवसाचं सरासरी उत्पन्न), एएलओएस (पेशंट सरासरी किती दिवस राहतो) वगैरे आकडे. माझ्या पर्समध्ये वही होती. दोन आठवडे मी प्रत्येक डिस्चार्जची वेळ टिपत होते. साडेनऊच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, घरी सोडा. डिस्चार्ज समरीवर सही व्हायला बारा-साडेबारा. मग उरलेली औषधं फार्मसीत परत, मग बिल, मग टीपीएची (विम्याचे दावे बघणारी कंपनी) मंजुरी. पेशंट कपडे बदलून पिशवी मांडीवर घेऊन बसलेला, आणि खाट सुटते साडेचारला. खाटा कमी नाहीत, अडकल्यात. एवढं बोलले तर उत्तर आलं, "सिस्टर, तुम्ही रोस्टरचं बघा." वही बाहेर काढायचीच राहिली.

एमएस्सी नर्सिंग दोन वर्षं पूर्णवेळ, म्हणजे नोकरी सोडा. देवनारच्या टिसमधली (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) एमएचए, म्हणजे हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची मास्टर्सही दोन वर्षांची. नोकरी सांभाळून काय करता येईल? धाकटी सातवीत, घर बदलापूरला. अभ्यास करायचा तो लोकलमध्येच, तोही बसायला मिळालं तर.

प्रतिसाद:
ताई, मीही वॉर्डातूनच आले, आता क्वालिटी विभागात आहे. शिकवायचं किंवा सीएनओ व्हायचं असेल तर एमएस्सी करा. तिच्यात नर्सिंग मॅनेजमेंट असतं, पण अख्ख्या हॉस्पिटलचा ताळेबंद वाचायची सवय त्यातून लागत नाही. टिसचा नोकरदारांसाठीचा एक्झिक्युटिव्ह डिप्लोमा आहे, त्याची चौकशी करा.

पण फॉर्म भरण्याआधी क्वालिटीत बदली मागा. एनएबीएचच्या (हॉस्पिटलचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था) तयारीत फार्मसी, बिलिंग, बायोमेडिकल, लाँड्री, सगळ्यांच्या फायली हाताखालून जातात. दुसऱ्यांच्या खात्यात डोकावायला एरवी आपल्याला कोण देतंय?

आणि ती वही! एआरपीओबी म्हणजे काही ब्रह्मज्ञान नाही. त्या काळातलं उत्पन्न भागिले भरलेल्या खाटांचे दिवस. समजा रोज २५ डिस्चार्ज. प्रत्येक खाट ३ तास आधी सुटली तर ७५ तास, भागिले २४. नवी खाट न घेता रोज तीन खाटा! कॅज्युअल्टीत वाट बघणारे आहेतच, म्हणजे त्या भरतीलही. हे एका पानावर मांडा आणि आधी मेडिकल सुपरिंटेंडंटना दाखवा. थोडं श्रेय ते घेतील, घेऊ द्या.

धागाकर्ती:
काल रात्री वही घेऊन बसले. डिस्चार्ज रोजचे सरासरी २२ निघाले. आणि मी टीपीएला उगाच शिव्या घालत होते, सगळ्यात जास्त वेळ जातो समरीच्या सहीत. त्यातही ज्यांच्या पेशंटना सर्वांत उशीर होतो, ते डॉक्टर म्हणजे आमचे मेडिकल सुपरिंटेंडंटच. आता पान कुणाला दाखवू?