उभं गालिचा-धुलाई यंत्र: कोकणात प्रश्न धुण्याचा नाही, सुकण्याचा आहे

पडवी (रत्नागिरी)

परवा इथेच, या चर्चेच्या पानावर, एकांनी लिहिलं होतं, "कोकणात गालिचा धुवायचं उभं यंत्र घेणं म्हणजे पैसे खाडीत फेकणं. उन्हात टाका, काठीने झोडपा, काम झालं." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

आई ब्याऐंशीची. तिच्या खोलीत गालिचा आहे तो थाटासाठी नाही. जुलैत आमच्या फरशीला घाम सुटतो, घरात चाललं तरी ओली पावलं उमटतात. दोन वर्षांपूर्वी तिथेच घसरून तिचा खुबा मोडला. तेव्हापासून पलंगापासून न्हाणीच्या दारापर्यंत गालिचा. त्यावर चहा सांडतो, पेज सांडते, कधी रात्री तिला उठायला उशीर होतो. आठ बाय दहाचा ओला गालिचा दोघांनाही उचलत नाही. तो उन्हात टाकणार कोण? आणि पावसात ऊन आणणार कुठून?

मी दोन यंत्रं वापरली. एक भावाने अमेरिकेहून आणलेलं, जड, दोन ब्रशांचं. दुसरं हलकं, एका ब्रशाचं, जावेकडून महिनाभर आणलेलं. काम दोघांचं एकच: एका टाकीतलं साबणाचं पाणी खाली फवारायचं, फिरत्या ब्रशाने घासायचं आणि मळकं पाणी शोषून दुसऱ्या टाकीत घ्यायचं. विकणारे ब्रशाचे गुण गातात. मी एका रविवारी मोजून दोन्हींत तीन-तीन लिटर घातलं आणि मळक्या टाकीत परत किती आलं ते मापलं. हलक्याने पावणेदोन लिटर परत दिलं, जडाने जवळजवळ अडीच. म्हणजे हलक्या यंत्राने सव्वा लिटर पाणी गालिच्याच्या पोटातच ठेवलं. कोरड्या हवेच्या गावात ते रात्रीत उडून जाईल. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी कुबट वास आणि पाचव्या दिवशी कडेला पांढरी बुरशी.

म्हणून यंत्र घ्याच, पण ओढ, म्हणजे ते पाणी किती परत शोषतं, ते बघून घ्या. खटका दाबून एक फेरी, मग खटका सोडून त्याच पट्ट्यावर तीन-चार कोरड्या फेऱ्या, पारदर्शक तोंडातून पाणी वर चढताना दिसेनासं होईपर्यंत. 'हीटर' या शब्दाला भुलू नका. बऱ्याच घरगुती यंत्रांत तो तुम्ही घातलेलं गरम पाणी गरम ठेवण्यापुरता असतो, गार पाणी तापवण्यासाठी नाही.

खाडीपल्याड (देवगड)

तो लिहिणारा मीच. आईंबद्दल वाईट वाटलं, पण मत तेच आहे.

अमेरिकेचं यंत्र 120 व्होल्टचं, आपली वीज 230. सरळ लावलं तर पहिल्याच मिनिटात मोटर जळणार. 12 अँपिअरचं यंत्र म्हणजे साधारण 1440 वॅट. त्याला 2000 व्हीएचा स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर लागतो, तो स्वतःच धोंड्यासारखा जड. माझ्या मेव्हण्याने असंच यंत्र आणलं. बेल्ट तुटला, तो इथे मिळेना. दुरुस्तीवाल्याने चार महिने ठेवून घेतलं आणि तसंच परत दिलं. आता त्यावर कोंबड्या बसतात.

आणि मुळात कोकणातल्या घराला गालिचा हवाच कशाला? सारवलेली जमीन घसरत नव्हती, तिला घाम येत नव्हता, पायाला ऊबदार लागायची. आधी आपण फरशी आणली, फरशी घसरते म्हणून गालिचा, गालिचा मळतो म्हणून यंत्र. चूक पहिल्या पायरीवर झाली.

वेंगुर्ल्याची लेक

दादा, सारवलेल्या जमिनीची आठवण काढणाऱ्यांपैकी किती जणांनी ती सारवली?

मी सारवली आहे. वयाच्या दहाव्या वर्षापासून लग्नापर्यंत, दर आठ दिवसांनी माजघर, ओटी, पडवी. पहाटे गोठ्यातून ताजं शेण घमेल्यात आणायचं, पाणी घालून हाताने कालवायचं, त्यातल्या काड्या वेचायच्या आणि उकिडवं बसून मागे मागे सरकत हात फिरवायचा. मध्ये थांबलं तर सांधा दिसतो, मग आजी परत सारवायला लावायची. पावसात ते वाळतच नसे. पायाला चिकटायचं, त्यावर घरातली सगळी माणसं चालायची आणि बोलणी मी खायची. बोटांच्या बेचक्यात भेगा पडायच्या, त्यात मीठ लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. आईची कंबर पन्नाशीतच वाकली. माझ्या घरात फरशी बसली त्या दिवशी ती नुसती हात फिरवत बसली होती. ती पहिली पायरी चूक नव्हती.

आंबेवाला (पावस)

ताई, कष्ट बायकांनीच केले असं नाही. पाऊस संपला की खळं आम्हीच खणायचो, पाणी मारायचो, चोपण्याने दिवसभर चोपायचो. तळहाताला फोड यायचे.

वेंगुर्ल्याची लेक

वर्षातून एकदा चोपलंत. मान्य. आणि त्यानंतर त्या खळ्यावर दर आठवड्याला शेण कोण फिरवत होतं?

आंबेवाला (पावस)

...बायकाच. पण म्हणून सारवण वाईट ठरत नाही. आमच्या मांगरात, बागेतल्या खोपटात, अजून आहे. मे महिन्यात दुपारी तिथे चटई टाकून पडा, मग बोला.

खाडीपल्याड (देवगड)

मी कुणाला सारवायला लावत नाही. जमीन चांगली होती एवढंच म्हणतो. प्रत्येक गोष्टीत बायका-पुरुष आणायची गरज नाही.

वेंगुर्ल्याची लेक

जमीन चांगली होती कारण कोणीतरी ती चांगली ठेवत होतं. हे वाक्य तुम्ही अर्धं म्हणता, म्हणून मला राग येतो. आता पडवीताईंनी सोय म्हणून यंत्र आणलं तर तेही पैसे खाडीत! घरातली बाई वाकली नाही की खर्च दिसतो, वाकली की परंपरा दिसते.

बाजारपूल (चिपळूण)

भांडण थांबवा जरा. 22 जुलै 2021 ला आमच्या घरात वाशिष्ठीचं पाणी माळ्याच्या पायरीपर्यंत होतं. उतरल्यावर वीतभर चिखल. बायकोने लग्नात आणलेला गालिचा चौघांनी ओढून बाहेर काढला. एकाने असंच धुलाईयंत्र आणून दिलं. दोन फेऱ्यांत मळक्या टाकीत पिठल्यासारखा चिखल बसला, नळी तुंबली, यंत्र कायमचं बंद. शेवटी गालिचा रस्त्यावरच्या ढिगात टाकला. यंत्र सांडलेल्या चहासाठी आहे, गाळासाठी नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर निदान यंत्र वाचलं असतं.

दमेकरी (अलिबाग)

झोडपण्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. मला लहानपणापासून दमा. दिवाळीआधी वडील अंगणात सतरंज्या झोडपायचे आणि मी दोन रात्री उशीला टेकून बसून काढायचो. धूळ जात नाही, हवेत जाते, मग छातीत. उभं व्हॅक्यूम यंत्र ज्याने केलं त्या जेम्स मरे स्पँग्लरची गोष्टही तीच. ओहायोतल्या कँटनमध्ये तो दुकानाची झाडलोट करायचा, गालिच्याच्या धुळीने दमा उसळायचा, म्हणून पंख्याची मोटर, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा जोडून त्याने यंत्र बनवलं. 1908 मध्ये पेटंट मिळालं आणि पुढे ते विल्यम हूवर या कारखानदाराने विकत घेतलं. पण दमेकऱ्याला ओला राहिलेला गालिचा त्याहून वाईट. धुळीतले किडे आणि बुरशी दोन्ही ओलीवर पोसतात. पडवीताईंचं मोजमाप म्हणून मला पटतं. मी तरी आधी सुक्या व्हॅक्यूमने दोनदा धूळ काढल्याशिवाय गालिच्याला पाणी लावणार नाही. नाहीतर धुळीचा चिखल होतो.

रामेश्वरवाडी (मालवण)

ह्या सगळा ठीक आसा, पण पावसात सुकवतलास खंय?

जुना गालिचा (सावंतवाडी)

हाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर गालिचा कशाचा यावर आहे. पडवीताई, तुम्ही ते सांगितलंच नाही. आमच्याकडे सासूबाईंचा भदोहीचा लोकरी गालिचा आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल धरते आणि हाताला ओली लागतही नाही. तुम्ही 'सुकला' म्हणून गुंडाळता आणि आत तो कुजत असतो. पाठीला तागाचं कापड असेल तर जास्त पाण्याने तपकिरी डाग वर येतात, ते सहजी जात नाहीत. कपड्याचा साबण तर लोकरीला लावूच नये, तो क्षारी असतो. माझ्या नणंदेने लावला. गालिचा आखडला आणि एका कोपऱ्यात रंग फुटला. आमच्या गालिच्यावर तुमचं ते जड यंत्रसुद्धा मी फिरवू देणार नाही.

पडवी (रत्नागिरी)

बरोबर, हे लिहायला हवं होतं. माझा पॉलिप्रॉपिलीनचा आहे. त्याचा धागा पाणी पीत नाही, म्हणून निभावलं. लोकरीवर मी हे करणार नाही.

मालवणकरांना: धुतला की एक कडा खुर्चीवर उचलून खाली दोन पंखे, पाठीला वारा लागेल असे. जुलैत तरी छत्तीस तास लागले. आई तेवढा वेळ माझ्या खोलीत झोपली. पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांवर टोपली उपडी घालून दुपटी सुकवायचे, तेवढीच चिकाटी लागते.

खाडीपल्याड (देवगड)

छत्तीस तास दोन पंखे. वीज गेली की संपलं. पण आई पुन्हा घसरण्यापेक्षा हे बरं, एवढं मान्य. 'सगळ्यांनी उन्हात टाका' हे मी सरसकट लिहिलं, ते चुकलं. आमच्या घरात मात्र यंत्र येणार नाही.

वेंगुर्ल्याच्या ताई, सारवण्याबद्दल माझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, मुलगी खरं बोलते. पुढे काही बोलली नाही.

वेंगुर्ल्याची लेक

त्यांना नमस्कार सांगा.

दमेकरी (अलिबाग)

पडवीताई, ट्रान्सफॉर्मर कुठल्या खटक्यावर लावता? आमच्याकडे 6 अँपिअरच्या पॉइंटवर लावला तर प्लग तापतो.

पडवी (रत्नागिरी)

गिझरच्या 16 वर. सहावर लावू नका, 230 व्होल्टला यंत्र सहाच्या वरच वीज ओढतं. एक्स्टेन्शनही नको. आणि काम झालं की ब्रश उपसून त्यातले केस काढा, दोन्ही टाक्या धुऊन उपड्या ठेवा. मी एकदा विसरले आणि दुसऱ्या दिवशी मळक्या टाकीचं झाकण उघडलं तर वास गोठ्यासारखा होता.