शिडाच्या बोटीवर ११ दिवस (लंकावी ते फुकेत): काय न्यावं? बजेट १५ हजार

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. मेव्हणा दोन वर्षं ३६ फुटी शिडाच्या बोटीवर राहतोय. सध्या मलेशियात लंकावीला नांगर टाकून आहे. जानेवारीअखेर आम्हा दोघांना बोलावलंय, तिथून बेटं करत करत थायलंडमधलं फुकेत. तिकिटं काढून झाली. आमचा समुद्र म्हणजे भाऊचा धक्का ते मांडवा. त्यात सौ.ना माळशेज घाटातसुद्धा पिशवी लागते. तर बॅग कोणती घ्यावी, उलट्यांवर काय करावं आणि खायचं काय न्यावं? (मेव्हणा नूडल्सवर जगतो.) दोघांचं मिळून १५ हजारांत बसवायचंय. क्रूझचे अनुभव कृपया नकोत, ही ती बोट नव्हे.

पामबीच_प्रवासी
आम्ही मुंबई-गोवा क्रूझ केली होती. बुफे अप्रतिम, उलटीबिलटी काही नाही. उगाच टेन्शन घेताय.

खारघरचा_खलाशी
सगळ्यात आधी आपोआप फुगणारी लाइफ जॅकेट्स घ्या. मी २२ हजारांना घेतलं, एक नंबर आहे. सोबत वॉटरप्रूफ जाकीट, पॅन्ट आणि बोटीवरचे खास बूट. साधारण ६० हजारांत माणूस तयार होतो.

घोडबंदरकर
खलाशीबुवा, १५ हजार. दोघांचे.

खारघरचा_खलाशी
जिवापुढे पैसा बघू नये.

वाशीची_मावशी
पुतणीच्या बोटीवर त्याच समुद्रात आठ दिवस काढलेत, म्हणून लिहिते. चाकांची कडक बॅग अजिबात नेऊ नका. बोटीत कपाट नसतं, बाकाखाली कप्पे असतात. बॅग रिकामी करून घडी घालून ठेवता आली पाहिजे. माझी ट्रॉली आठ दिवस माझ्याच बिछान्यावर झोपली, मी तिच्या पायथ्याशी.
पाण्याची टाकी ३०० लिटर, माणसं चार. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. अंघोळही तशीच. साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, शाम्पूला येतो, तोच अंगाला लावा. आमच्या मजल्यावर मे महिन्यात पाणी जपतात तसं रोज जपायचं.
संडासाचं आधी शिकून घ्या, लाजू नका. हाताने दांडा मारून पाणी खेचायचं, मग ढकलायचं. कागदसुद्धा आत टाकायचा नाही. मी दुसऱ्या दिवशी एकच टिश्यू टाकला. पुतणी अडीच तास पालथी पडून पाइप उघडत होती. मी वर बसून डॉल्फिन बघत असल्याचं नाटक करत होते.

ऐरोलीकर_७४
+१ बॅग. उलटीसाठी पोटाला वर्तमानपत्र बांधा. एसटीत आई बांधायची.

दिवाळ्याचा_नाखवा
वर्तमानपत्र भिजून जाईल. ताईंना सांगा, खाली केबिनमध्ये बसाचा नाय, मोबाइल बघाचा नाय. वर मोकल्या हवेत बसून दर्या न आभाल मिलतं ती रेघ बघाची. लय झालं तर बोटीच्या मधोमध डोले मिटून आडवं पडाचं, तिथं हेलकावा कमी. आनि उलटी वाऱ्याच्या तोंडावर करू नका, आपल्याच अंगावर येते. नवा मानूस पह्यल्या दिवशी हेच करतो.
सुका जवला आनि बोंबील न्या. खराब होत नाय.

ऐरोलीकर_७४
जवळा? बंद केबिनमध्ये? ज्यांना उलटी होत नव्हती त्यांनाही होईल.

दिवाळ्याचा_नाखवा
तुमच्या हिंगाचा वास येत नाय काय?

डोंबिवली_फास्ट
शाकाहाराचा धागा वेगळा काढा रे. बाकी शीड म्हटलं की आठवतो अभिलाष टॉमी, जगप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय.

कोपरी_कट्टा
चूक. एकट्याने करणारे पहिले दिलीप दोंदे, २००९-१०, ‘म्हादेई’वरून. टॉमींची २०१२-१३ ची, न थांबता केलेली. आणि ‘तृष्णा’ने १९८५-८७ मध्येच केली होती, तिच्यावर चमू होता.

डोंबिवली_फास्ट
मला तेच म्हणायचं होतं.

घोडबंदरकर
आम्हाला प्रदक्षिणा नाही घालायची हो. गोळीचं कोणी सांगेल का?

वाशीची_मावशी
मी अ‍ॅव्होमिन घेत होते, आदल्या रात्री. उलटी सुरू झाल्यावर घेतली तर गोळीही बाहेर येते. झोप फार येते, तेव्हा आधी घरी एकदा घेऊन बघा. डॉक्टरांना विचारून, अर्थातच.
आणि कुकर न्या! तीन लिटरचा. शेगडी झुलती असते, तरी बोट कलली की पातेल्यातलं वरण पायावर येतं. कुकरचं झाकण बसलं की सांडायची भीती नाही, गॅसही वाचतो. मिक्सर-बिक्सर नको, बोटीवर वीज बारा व्होल्टची.

पामबीच_प्रवासी
सनस्क्रीन भरपूर न्या.

कोपरी_कट्टा
बाटलीवरची नावं वाचून न्या. थायलंडने २०२१ पासून सागरी राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळाला घातक अशा चार रसायनांची सनस्क्रीन बंद केलीत, ऑक्सिबेन्झोन त्यातलंच. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट सगळ्यात स्वस्त. चॉकलेटं इथून नेऊ नका, लंकावी १९८७ पासून करमुक्त आहे. ‘इतर’ गोष्टीही स्वस्त.

डोंबिवली_फास्ट
‘इतर’वर सविस्तर लिहा.

वाशीची_मावशी
हो, रात्री लांबवर हिरवे दिवे दिसले तर घाबरू नका. माकूल (स्क्विड) पकडणाऱ्या थाई बोटी असतात.

दिवाळ्याचा_नाखवा
आपल्याकडं दिव्यांच्या मासेमारीला २०१७ पासून बंदी हाय. तरी रात्री बाहेर जाऊन बघा, जत्रा असते. आमच्या जाल्यात काय येनार मग?

ऐरोलीकर_७४
नाखवा, यावर खरंच वेगळा धागा काढा. वाचेन.

खारघरचा_खलाशी
एक राहिलं. जॅकेटमध्ये गॅसची नळकांडी असते, विमान कंपनीला आधी कळवून परवानगी घ्या. मी घेतली नव्हती. चेक-इनला नळकांडी काढून घेतली.

कोपरी_कट्टा
म्हणजे २२ हजारांचं जॅकेट बोटीवर फुगलं का?

खारघरचा_खलाशी
तोंडाने फुंकूनही फुगतं. तशी सोय असते.

घोडबंदरकर
सर्वांचे आभार. मेव्हण्याशी बोललो. जॅकेटं त्याच्याकडे आहेत. मागच्या रविवारी गेटवेहून शिडाची बोट तासावर घेतली. सौ. रेघ बघत ठणठणीत बसल्या होत्या, पिशवी मला लागली. गोळ्या आता दोघांच्या.
बॅग मात्र चाकांचीच घेतली. राम मारुती रोडवर सेल होता, कडक, लाल, मोठी. मेव्हणा म्हणतो किनाऱ्यावर ओळखीच्याकडे ठेवू. ती फुकेतला कशी पोचणार हे त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
कुकर पाच लिटरचा जातोय. तीनमध्ये चार माणसांची खिचडी होत नाही, असं सौ. म्हणतात. बोटीवर माणसं तीनच आहेत.