मदत हवी आहे: गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) हिस्ट्री नीट दाखवणारं टूल सुचवा, ग्राफ बघून डोकं फिरलंय

बुचकळा: अर्जंट आहे. ग्राफमध्ये नुसता रेघांचा गुंता, तासभर स्क्रोल करतोय, हवं ते सापडत नाही. फुकटातलं चांगलं टूल सांगा.

काठावरचा: शोधताय काय? आणि सध्या वापरताय काय?

टर्मिनलवाला: टूलबिल सोडा हो. गिट लॉग या कमांडला ग्राफ, वनलाइन हे पर्याय लावा, फर्स्ट-पॅरेंट दिलंत की फक्त मुख्य ब्रांचची (कामाच्या मुख्य फांदीची) रेघ उरते. मी माउसला हात लावत नाही.

सरळरेघ: गुंता टूलचा नाही, तुमचा आहे. रीबेस करत जा, मर्ज करून ब्रांच जोडण्याऐवजी आपले बदल मुख्य ब्रांचच्या टोकावर पुन्हा रचा.

टर्मिनलवाला: पुश केलेल्या, म्हणजे सर्व्हरवर पाठवलेल्या ब्रांचवर रीबेस? कमिटचे (नोंदवलेल्या बदलांचे) हॅश, म्हणजे ओळखक्रमांक बदलले की अख्खी टीम शिव्या घालेल.

सरळरेघ: पुश केल्यावर करा असं मी कुठे म्हटलं? वाचत जा जरा.

झटपट: ब्लेममधून (कुठली ओळ शेवटी कुठल्या कमिटने बदलली ते दाखवणारी कमांड) फॉर्मॅटिंगचे कमिट वगळायचे असतील तर गिट २.२३ पासून इग्नोर-रेव्ह्ज-फाइल आहे, लय भारी.

बुचकळा: ब्लेमचं कुणी विचारलं? गिटके (गिटचा ग्राफ-व्ह्यूअर) वापरतोय. मी ब्रांचवर लिहिलेलं एक फंक्शन मेनमधून, म्हणजे मुख्य ब्रांचमधून गायब आहे. त्या फाइलची हिस्ट्री काढली तर उडवल्याचा कमिट नाही, आणि मी जोडल्याचाही नाही!! म्हणजे टूलच गंडलंय ना?

काठावरचा: हे आधी सांगायचं ना राव. टूल गंडलेलं नाही. मर्जमध्ये कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोन्हीकडे वेगळे बदल आल्यावर कुणीतरी ती फाइल एकाच बाजूची जशीच्या तशी घेतली असणार. मग मर्जनंतरची फाइल त्या पॅरेंटसारखीच (मर्जआधीच्या त्या बाजूच्या कमिटसारखीच) असते, आणि फाइलपुरती हिस्ट्री मागितली की गिट फक्त त्याच पॅरेंटच्या मागे जातं, दुसरी बाजू गाळून टाकतं. म्हणून तुमचा कमिटही दिसत नाही. मर्जवर क्लिक केलंत तरी तिथला डिफ (आधी-नंतरची तुलना) दोन्ही बाजूंचा एकत्रित असतो, एका बाजूशी जुळलेली फाइल त्यात येतच नाही. गिट लॉगला फुल-हिस्टरी द्या, सोबत डॅश स्मॉल एम, आणि डॅश कॅपिटल एसला चिकटून फंक्शनचं नाव, म्हणजे ते नाव जोडणारे-उडवणारे कमिट मर्जसकट दिसतील.

सरळरेघ: रीबेस केलं असतं तर हा मर्ज झालाच नसता.

काठावरचा: कॉन्फ्लिक्ट रीबेसमध्येही येतो, तिथेही चुकीची बाजू घेता येते. खरं तर व्ह्यूअरनेच अशा मर्जवर खूण करायला हवी, की इथे एका बाजूचं काम टाकून दिलंय. रंगीत रेघा काय चाटायच्यात.

बुचकळा: सापडला. मर्जच आहे. केलाय मीच, शुक्रवारी संध्याकाळी.

झटपट: 😂 टूल मात्र राहिलंच की सुचवायचं, टिग बघा, टर्मिनलमध्येच हिस्ट्री दाखवतं.

नवशिका७: माझं पुश रिजेक्ट होतंय, इथेच विचारू का?