मदत हवी आहे: अण्णांचे अभंग घरी रेकॉर्ड करायचे आहेत, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

नमस्कार मंडळी,

'घरच्या रेकॉर्डिंगला सॉफ्टवेअर कोणतं?' एवढंच विचारलं की 'करायचंय काय, बजेट किती' असे उलट प्रश्न येतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून सगळं एकदाच सांगून टाकतो.

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, ७६ वर्षांचे आहेत. जन्मभर भजनी मंडळात गायले. स्वतः चाली लावलेले त्यांचे पंचवीस-तीस अभंग आहेत. या चालींची नोंद कुठेही नाही. वहीत फक्त शब्द आहेत आणि समासात 'भीमपलासच्या अंगाने, पण पंचम जपून' असलं काहीतरी लिहिलेलं. त्यातून मला तरी चाल काढता येत नाही. वर्षानुवर्षे ते काळी दोनमध्ये गायचे, यंदा आषाढीला गुपचूप पेटी काळी एकवर, म्हणजे खालच्या पट्टीत घेतली. कुणी काही बोललं नाही, पण मला कळायचं ते कळलं. त्यामुळे पुढच्या दिवाळीची वाट बघायची नाही असं ठरवलंय.

स्टुडिओचा पर्याय त्यांनीच मोडीत काढला. "काचेपलीकडून कुणीतरी हात करणार आणि मग मी विठ्ठल म्हणायचं, हे व्हायचं नाही." विषय संपला. आम्ही मिरजेत राहतो. तंबोरा जवारीला द्यायचा असेल तर दहा दारं सांगीन, पण घरी रेकॉर्डिंग करणारं ओळखीत कुणी नाही.

हाताशी काय आहे: विंडोजचा पाच-सहा वर्षं जुना लॅपटॉप, आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, एसएसडी नंतर टाकलेली. दोन माइक लागतील असा फोकसराइटचा स्कार्लेट टू-आय-टू (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), सेकंडहँड. एक साधा डायनॅमिक माइक आणि एक कंडेन्सर. हेडफोन बरे आहेत. पेटी मी वाजवतो, तबल्याला शेजारचा मुलगा येतो. टाळ अण्णा स्वतःच धरतात आणि सोडत नाहीत.

आतापर्यंत तीन प्रयोग झाले.

पहिला ऑडॅसिटी. फुकट आणि सोपं, अर्ध्या तासात कळलं. अण्णांचा आवाज घेतला, छान आला. मग तो हेडफोनवर ऐकत मी पेटी भरली. वाजवताना सगळं बरोबर वाटत होतं, पण नंतर दोन्ही एकत्र ऐकलं तर पेटी आवाजाच्या मागून धावतेय. पुन्हा केलं, पुन्हा तेवढीच मागे. माझा हात लयीला इतका कच्चा नाही हो!

दुसरं केकवॉक. तेही फुकट मिळालं, आणि उघडल्यावर विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटलं. ते असो, शिकता येईल. खरी अडचण निराळी होती. उघडलं की मिनिटाला १२० मात्रांची लय आणि चार-चार मात्रांच्या चौकटी मांडलेल्या. क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टकटक, लावून अण्णांना गायला बसवलं, तर दुसऱ्या ओळीला हेडफोन काढून ठेवला. "हा कोण टकटक करतोय? याला सांग, मी थांबलो की थांब." अण्णा ध्रुपद सावकाश घेतात, अंतऱ्यात चढतात, मध्येच एका शब्दावर थांबून चार वेळा वेगवेगळं म्हणतात. कुठल्या चौकटीत बसवू?

तिसरा प्रयोग भाच्याचा. तो गणपतीसाठी बीट्स बनवतो, एफएल स्टुडिओवर. "मामा, हेच घे, एकदा पैसे भरले की अपडेट जन्मभर फुकट." ते खरं आहे. पण त्याच्याकडची सर्वांत स्वस्त आवृत्ती निघाली आणि तिच्यात गाणं थेट ट्रॅकवर रेकॉर्ड करायची सोयच नाही. ती बीट बांधणाऱ्यांसाठी आहे.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने चौथाही पर्याय सांगितला: "कुठलं पाहिजे ते सांगा, क्रॅक टाकून देतो." नको म्हटलं. देवाचं नाव चोरीच्या सॉफ्टवेअरवर कशाला, आणि त्यासोबत आणखी काय काय लॅपटॉपमध्ये येईल तो भाग वेगळाच.

तर प्रश्न असे. ऑडॅसिटीत पेटी मागे का पडते? क्लिकची सक्ती नसलेलं, जुन्या लॅपटॉपवर चालणारं आणि पाच-सहा हजारांपर्यंत बसणारं काय आहे? आणि दोनच माइकमध्ये आवाज, पेटी, तबला, टाळ हे गणित कसं सोडवायचं?

पांढरीचार: आधी पेटीचं सांगतो, कारण तिथे तुमचा हात निर्दोष आहे. :) आवाज लॅपटॉपमधून हेडफोनपर्यंत जायला थोडा वेळ लागतो आणि तुमची पेटी माइकमधून आत यायलाही लागतो. ही जाण्यायेण्याची बेरीज म्हणजे लेटन्सी. ऑडॅसिटी ती अंदाजाने वजा करतं, मुळात उणे १३० मिलिसेकंद असा आकडा भरलेला असतो. तुमच्या मशीनवरची खरी बेरीज वेगळी असली की पेटी दर वेळी तेवढीच सरकते. 'तेवढीच' हा तुमचा शब्द महत्त्वाचा आहे. हात चुकला असता तर कधी पुढे, कधी मागे झालं असतं. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे १०० ने चुकलं तरी मात्रेचा पाचवा हिस्सा गेला. कानाला खटकणारच.

उपाय: एका ट्रॅकवर टकटक तयार करा, हेडफोन माइकला चिकटवून तीच दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा, दोन्हींतला फरक मोजा आणि सेटिंगमधला आकडा तेवढा बदला. पाच मिनिटांचं काम आहे.

पण तुम्ही रीपर घ्या असंच सांगेन. त्यात ऑडिओ डिव्हाइसला असिओ (विंडोजवर आवाजाची थेट, जलद वाट) निवडून फोकसराइटचा ड्रायव्हर लावला की ड्रायव्हर स्वतःची लेटन्सी कळवतो आणि रीपर ती आपोआप जुळवून घेतं. तुमच्या ऑडॅसिटीत असिओची निवड दिसतच नसेल, बघा.

तिसरीघंटा: रीपरला +१. विनॅम्प आठवतंय का? ते लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच हे. डाउनलोड इतकं लहान की विश्वास बसत नाही, आणि ८ जीबीवर आरामात चालतं. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, एकही गोष्ट कुलूपबंद नाही. मग घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला, म्हणजे पाच हजारांच्या थोडं वर. तुमच्या बजेटात आहे.

क्लिकचं म्हणाल तर मेट्रोनोम (तीच टकटक) बंद, ग्रिड (मात्रांच्या चौकटी) बंद, स्नॅप (चौकटीला आपोआप चिकटणं) बंद. मग तो नुसता लांबच लांब टेपरेकॉर्डर आहे. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमबेस 'टाइम'वर ठेवा, म्हणजे चुकून टेम्पोचा आकडा बदलला तरी गाणं जागचं हलत नाही. हे मी ठेच लागून शिकलोय. कीर्तनाचं दीड तासाचं रेकॉर्डिंग माउसच्या एका क्लिकने ताणलं गेलं होतं, आणि रात्री दोन वाजता अंडू (केलेलं मागे घ्यायची सोय) कुठे असतं ते आठवेना.

उणीव एकच: दिसायला रुक्ष, आणि तयार वाद्यांचे आवाज जवळपास नाहीत. तुम्हाला ते नकोच आहेत.

लोकलवाला: मॅक घ्या, गॅरेजबँड फुकट येतं. :P

पांढरीचार: @लोकलवाला, साठ हजारांचं फुकट!

गोधडी: मी बरीच वर्षं भजनी मंडळांची रेकॉर्डिंग करते. सॉफ्टवेअरचं वरच्यांनी बरोबर सांगितलंय, माझा आक्षेप पद्धतीवर आहे. आधी आवाज, मग पेटी, मग तबला हे तुम्ही सिनेसंगीतासारखं करायला गेलात. क्लिकशिवाय गायलेल्या आवाजावर नंतर तबला भरणं चांगल्या चांगल्यांना जमत नाही, कारण गायक कुठे थांबणार हे तबलजीला दिसत नसतं. समोरासमोर बसलं की मान हलते, हात उचलला जातो, त्यावर सम सापडते. तुमच्या अण्णांना क्लिक नको असतो. समोर तबला हवा असतो.

सगळे एकदम बसा. डायनॅमिक माइक अण्णांच्या तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका. कंडेन्सर पेटी आणि तबल्याच्या मधे, गुडघ्याच्या उंचीवर. त्याला ४८ व्होल्टचं बटण लागेल. कुठलं वाद्य जास्त येतंय ते माइक सरकवून जुळवा, नंतर स्क्रीनवर नव्हे. दोन माइकमधलं अंतर अण्णांच्या माइक-तोंड अंतराच्या निदान तिप्पट हवं, नाहीतर आवाज दोन्हींत शिरून पोकळ होतो. टाळ मात्र अण्णांच्या हातातून काढा. माइकपाशी टाळ वाजला तर दुसरं काही ऐकूच येणार नाही. दुसऱ्या कुणाला देऊन दाराशी बसवा.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. दोन ट्रॅकना तासाला साधारण १ जीबी लागते. पातळी ठरवताना अण्णांचा सर्वांत चढा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद, भिंतींना गाद्या आणि गोधड्या. (नाव उगाच घेतलेलं नाही.) घरघर आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा तिथेच असते.

आणि रीपरमध्ये सूर दुरुस्त करणारं रीट्यून आहे, त्याला हात लावू नका. त्याला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कळत नाही. ते सुराला जवळच्या पायरीवर नेऊन बसवतं.

तिसरीघंटा: गोधडीताईंशी सहमत. एकच भर: सगळे एकत्र असाल तर अण्णांना हेडफोन द्यायचीही गरज नाही. लेटन्सीचा प्रश्न मुळातच मिटला. नंतर कधी पेटी वरून भरायचीच झाली तर बफर (लॅपटॉप आवाज किती मोठ्या तुकड्यांत हाताळतो तो आकडा) १२८ वर ठेवा, ४८ किलोहर्ट्झला ते तीन मिलिसेकंदांच्या आत बसतं. मिक्सिंगला १०२४ करा, लॅपटॉपला श्वास घेऊ द्या. आवाज फुटायला लागला तर वायफाय बंद करून बघा.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. ऑडॅसिटीची टकटक चाचणी केली, फरक ७० मिलिसेकंदांच्या जवळ निघाला. आकडा बदलला आणि पेटी जागेवर आली. अण्णांना सांगितलं की चूक यंत्राची होती. म्हणाले, "मला वाटलंच, तुझा हात असा नाही." बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

रीपर टाकलं. काल संध्याकाळी गोधडीताईंच्या पद्धतीने बसलो. टाळ बहिणीकडे दिला, तेव्हा चेहरा पडला होता, पण पहिला अभंग सुरू झाल्यावर विसरले. एकाच अभंगाची तीन रेकॉर्डिंग झाली आणि तिन्हींत अंतरा वेगळा आहे. 'तिघांतलं चांगलं चांगलं जोडून एक करा' असं व्हिडिओंत सांगतात, ते इथे शक्यच नाही, तिन्ही वेळा लय वेगळी. मी विचारलं, यातली खरी चाल कोणती? तर म्हणाले, "तिन्ही. पण दुसरीत माझा पंचम जरा जास्त झाला, ती कुणाला ऐकवू नको." दुसरीही ठेवली आहे, त्यांना सांगितलेलं नाही.

अडचण उरली ती बाहेरची. सकाळी सहा वाजता नळाला पाणी येतं आणि गल्लीत पाणी खेचायच्या मोटारी सुरू होतात. त्याआधी, पहाटे पाचला बसावं तर अण्णांचा आवाज तेव्हा खर्जात असतो आणि तबलजीची आई त्याला सोडत नाही. रात्री दहानंतर मालगाडी. तर आता पुढचा प्रश्न: मोटारीची ती एकसुरी घरघर नंतर कमी करायला रीपरमधलं रीफर वापरावं असं वाचलं. त्याला आधी नुसत्या घरघरीचा नमुना द्यायचा असतो ना? तो किती सेकंदांचा घ्यावा, आणि त्याने तंबोऱ्याचा आवाजही खाल्ला जातो का? तंबोरा खरा आहे, ॲपमधला नाही, म्हणून जीव घाबरतो.