रेसच्या घोड्यांवर पैसे लावून कमाई होते का? धाकट्या भावासाठी सल्ला हवा

तापीकाठ
राम राम मंडळी. आम्ही शहादा तालुक्यातले. घरी आजोबांपासून घोडी आहेत, सारंगखेड्याची यात्रा कधी चुकत नाही. धाकट्या भावाला घोडा खरंच कळतो. चार पावलं चालवून बघितलं की लपवलेली लंगड सांगतो. आता त्याने मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या आणि पुण्याच्या रेसचं मनावर घेतलंय. म्हणतो, "लोक आकडे बघून लावतात, मी घोडा बघून लावीन." केळीच्या पैशातून रक्कम बाजूला काढायची म्हणतोय. पोरगा व्यसनी नाही, म्हणून नुसतं रागावून भागणार नाही. यातून कायम नफा काढणारे कोणी असतात का?

रावेरकर
भाऊ, मी नोकरीत असताना महालक्ष्मीला बराच गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सारंगखेड्यात आपण रंग, भोवऱ्या, कान, रवाळ चाल बघतो. तिथे दहा घोड्यांत दहा तऱ्हा असतात. रेसला सगळेच थरोब्रेड, म्हणजे रेससाठीच पैदास केलेल्या एकाच जातीचे, सगळे तयारीत, आणि लंगडणारा डॉक्टर आधीच बाहेर काढतात. वर बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कमजोरावर कमी, म्हणजे सगळे जवळजवळ एका रेषेत यावेत अशीच मांडणी. तुमच्या भावाला जो घोडा उजवा दिसेल, त्याच्यावर वजनही चढलेलं असेल.

शर्यतीआधी पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपणाच्या रिंगणात, घोडा फिरवतात तेव्हा जाणत्याला बरंच दिसतं. मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस आलाय, मान सारखी झटकतोय, तर तो शर्यतीआधीच दमतोय. पण हे बुकीलाही दिसतं, आणि पाचच मिनिटांत भाव (जिंकल्यास किती पट मिळणार ते) हलतो. टोटमध्ये, म्हणजे रेस क्लबच्या पैजेच्या खिडकीवर, तर लोकांचेच पैसे एकत्र होतात, क्लब आपला हिस्सा काढून घेतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. त्यामुळे नुसता जिंकणारा घोडा ओळखून भागत नाही. लोकांनी ज्याला कमी लेखलंय असा घोडा ओळखावा लागतो, आणि तोही परत परत.

जळगाव_करसल्ला
रावेरकरांनी घोड्याचं सांगितलं, मी हिशेब सांगतो. माझ्या मते निकाल इथेच लागतो.

22 सप्टेंबर 2025 पासून रेसच्या पैजेवर 40 टक्के जीएसटी आहे (आधी 28 होता), आणि तो नफ्यावर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर. 100 ची पैज लावायला खिशातून 140 जातात. फेव्हरिट घोडा, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागतात तो, साधारण तीनातून एकदा जिंकतो असं धरा. तीन पैजांना 420 गेले, म्हणजे नुसती बरोबरी व्हायला त्या एका तिकिटावर 420 परत यायला हवेत. फेव्हरिटवर इतका भाव कोण देणार?

पुढे आयकर. जिंकलेल्या रकमेवर सरळ 30 टक्के, वर सेस, तुमचा स्लॅब कुठलाही असो. एका व्यवहारात 10,000 च्या वर जिंकलात तर कर कापूनच पैसे हातात मिळतात. सगळ्यात जास्त दुखतं ते हे की हरलेल्या पैजा यातून वजा होत नाहीत. वर्षात 2 लाख जिंकले आणि 2 लाख हरले, तरी 60,000 कर भरायचा.

तापीकाठ
हे त्याला आजच वाचून दाखवतो. पण तो म्हणतो, सुप्रीम कोर्टानेच रेसला कौशल्याचा खेळ म्हटलंय. आणि परदेशात लोक यावर कोट्यधीश झालेत.

रावेरकर
दोन्ही खरं आहे. निकाल 1996 चा, पण त्यात प्रश्न रेस जुगारात मोडते का एवढाच होता. नफ्याची हमी कोर्टाने दिलेली नाही.

परदेशातलं ठळक नाव बिल बेंटर. या अमेरिकन माणसाने 1980 च्या दशकात हाँगकाँगला बसून प्रत्येक घोड्याची मागची कामगिरी, वजन, जॉकी, अंतर असं सगळं कॉम्प्युटरवर घातलं. स्वतःच्या अंदाजात लोकांनी लावलेले भावही मिसळले, आणि 1994 मध्ये ती पद्धत लिहून छापली. तिथल्या टोटमध्ये पैसा इतका की मोठी रक्कम लावूनही भाव फारसा पडत नाही. ब्रिटनमध्ये 2001 पासून पैज लावणाऱ्याच्या माथी कर नाही, तरी सतत जिंकणाऱ्याला बुकी मर्यादा घालतात. नफा काढणारे असतात, भो, पण ती माणसं दिवसभर तेच काम करतात, आणि कुठल्याच पैजेवर 40 टक्के जीएसटी भरत नाहीत.

धुळे_पशुवैद्यक
ताई म्हणून सांगते, त्याचा डोळा वाया घालवू नका. यात्रेत लाखांचे सौदे होतात, आणि घेणाऱ्याबरोबर प्रामाणिकपणे फिरून जनावर पारखून देणारा माणूस मिळत नाही. दात, खूर, गुडघे, श्वास तपासायला तो माझ्याबरोबर फिरला तर मी शिकवीन. ओळख झाली की त्या कामाचे पैसे रीतसर मिळतात.

आणि व्हॉट्सॲपवर "पक्की टिप" विकणाऱ्यांपासून त्याला लांब ठेवा.

तापीकाठ
ताई, तुमचं त्याला पटलं, यात्रेआधी धुळ्याला घेऊन येतो. रेसचं वेड मात्र लगेच जाणार नाही. पुण्याचा पावसाळी मोसम जुलैत सुरू होतो, तेव्हा पैसे न लावता नुसतं वहीत लिहीन म्हणतोय. काय काय लिहावं?

रावेरकर
रेसकार्डातून (त्या दिवसाच्या शर्यतींच्या छापील यादीतून) अंतर, वजन, ड्रॉ (सुटण्याच्या जागेचा नंबर) आणि जॉकी उतरवून घ्यायचे. पावसाने ट्रॅक किती मऊ झाला तेही. स्वतःचा घोडा शर्यत सुटण्याआधी लिहायचा, शेजारी त्या क्षणाचा भाव, आणि दर ओळीत 100 ऐवजी 140 खर्च धरायचा. मोसम संपला की वही इथे टाका, आपण सगळे मिळून बघू.