मोटरसायकलचा स्पार्क प्लग घरी बदलायचाय: कुठला घ्यावा, काय सांभाळावं?

निवांत स्वार

नमस्कार मंडळी. माझी १५० सीसीची कार्ब्युरेटरवाली सिंगल सिलिंडर गाडी आहे. हल्ली सकाळी पहिल्या सेल्फला उठत नाही आणि वरच्या गिअरमध्ये ओढताना मधूनच मिसिंग मारते. एअर फिल्टर नवा आहे, त्यामुळे संशय प्लगवर. गाडी वापरलेली घेतली, म्हणून आधीचा प्लग किती चाललाय ते माहीत नाही.

हे काम स्वतः शिकायची मनापासून इच्छा आहे. साधा प्लग घ्यावा की इरिडियम धातूच्या टोकाचा? टूलकिटमधला पाना पुरेल की टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) हवाच? आणि या कामात इंजिनाचं नुकसान होऊ शकतं का, होत असेल तर नेमकं कशाने?

जुना फिटर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण चुकीचा प्लग आणला तर तो बदलता येतो, पण हेडचे, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या सिलिंडरच्या वरच्या भागाचे, आटे गेले की काम वाढतं. हेड ॲल्युमिनियमचं आणि प्लगचे आटे पोलादाचे. प्लग तिरका लागला आणि तसाच पान्याने आवळला, तर पोलाद मऊ ॲल्युमिनियम कापत आत जातं. मग बहुतेक वेळा हेड उतरवून, भोक मोठं करून त्यात हेलिकॉइल (नव्या आट्यांचं तारेचं वेटोळं) बसवावं लागतं. प्लग काढणं सोपं आहे, लक्ष द्यायचं ते लावताना.

इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यात चांगली. गरम हेडमधून प्लग ओढून काढताना आटे सोलून येण्याचा धोका वाढतो. प्लगवरची वायरची कॅप काढताना वायरला धरून ओढू नका. कॅपच पकडा, थोडी डावी-उजवी हलवत वर घ्या.

आता लगेच पाना लावायचा नाही. प्लगभोवतीच्या खड्ड्यात वाळू, वाळलेला चिखल, बारीक खडे बसलेले असतात. प्लग निघाला की ते सरळ सिलिंडरमध्ये पडतात. आधी ब्रश फिरवा, मग सायकलच्या पंपाने हवा मारा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. मी तर प्लग अर्धा फेरा ढिला करून पुन्हा एकदा हवा मारतो, कारण आट्यांच्या तोंडाशी चिकटलेली घाण तेव्हाच सुटते.

नवा प्लग लावताना पाना बाजूला ठेवा. बोटं पोचत नसतील तर पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट चढवा आणि त्याने प्लग फिरवा. आटे वाकडे लागले तर नळी प्लगवरच घसरते, जबरदस्ती होऊच शकत नाही. सुरुवात उलटी करा, म्हणजे प्लग अलगद डावीकडे फिरवा. एका जागी तो किंचित खाली बसल्याचं बोटांना कळतं. आट्याला आटा तिथे जुळला. तिथून उजवीकडे फिरवायला लागा. वॉशर हेडला टेकेपर्यंत प्लग नळीनेच गेला पाहिजे. मध्ये अडला तर बाहेर काढा, दोन्हीकडचे आटे पुसा, परत पहिल्यापासून. ‘थोडा जोर लावला की जाईल’ हा विचार इथे करायचाच नाही.

तेलकट हात

वरच्या प्रतिसादातला शब्द न् शब्द पटला. पान्याचं मी सांगतो.

टूलकिटमधला नळीसारखा पाना चालतो. त्याची दांडी आखूड असते तेच बरं, जास्त जोर बसत नाही. साधारणपणे १० मिमी आट्याच्या प्लगला १६ मिमीचा पाना लागतो, १२ मिमीला १८ चा आणि १४ मिमीला २१ चा. अपवाद असतात, म्हणून दुसरा पाना विकत घ्यायच्या आधी आपल्या प्लगवर मोजून बघा. आत रबर किंवा चुंबक असलेला घेतलात तर प्लग हातून निसटत नाही. आणि पाना सरळ उभा धरा. तिरक्या पान्याने वरची चिनीमाती तडकते, आणि ती चीर केसाएवढी असते, सहज दिसत नाही.

टॉर्क रेंच असेल तर वापरा. पण बऱ्याच मोठ्या रेंचांचा आकडा सुरूच इतका वर होतो की लहान प्लगला त्या निरुपयोगी, हे घेताना बघा. ॲल्युमिनियमच्या हेडला १० मिमी प्लग १० ते १२ न्यूटन-मीटर, १२ मिमी १५ ते २०, १४ मिमी २५ ते ३०. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

रेंच नसेल तर फेऱ्याच्या हिशेबाने आवळा. बोटांनी वॉशर टेकला की नवा प्लग पान्याने साधारण तिसरा हिस्सा ते अर्धा फेरा. खोक्यावर बहुधा चित्र असतं, ते पाहा. जुनाच प्लग परत लावत असाल तर त्याचा वॉशर आधीच चेपलेला असतो, त्याला बारावा हिस्सा पुरतो, म्हणजे घड्याळाचा तासकाटा एका तासात सरकतो तेवढाच.

आट्यांना तेल, ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावू नका. आटे बुळबुळीत झाले की तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. एनजीके या प्लग बनवणाऱ्या कंपनीचाही त्यांच्या प्लगसाठी हाच सल्ला आहे.

इंधनवेडा

प्लग कुठला? मॅन्युअलमध्ये जो नंबर आहे तोच. जुन्या प्लगवरचा नंबर बघून आणू नका, आधीच्या मालकाने काय लावलं होतं कोण जाणे.

नंबर वाचता आला तर दुकानात फसगत होत नाही. उदाहरण म्हणून एनजीकेचा सीपीआर८ईए-९ हा नंबर बघा. सी म्हणजे १० मिमी आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर, ८ ही हीट रेंज (प्लग स्वतःची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते; लवकर टाकतो तो ‘थंड’), ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी, शेवटचा ९ म्हणजे गॅप, दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, ०.९ मिमी. लांबी चुकली तर फार वाईट: जास्त लांब प्लगवर पिस्टन आदळू शकतो. हीट रेंजचा आकडा कंपनीगणिक उलटा असतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये आकडा मोठा तितका गरम. त्यामुळे एका कंपनीचा आकडा बघून दुसरीचा प्लग अंदाजाने उचलू नका.

इरिडियम चांगला असतो, जास्त टिकतो. तुमच्या गाडीसाठी माझं मत साधा निकेलचाच. आधी मिसिंगचं कारण सापडू द्या. कारण दुसरंच निघालं तर महागडा प्लगही तसाच खराब होईल. गाडी ठीक झाली की खुशाल इरिडियम लावा. फक्त त्याचं बारीक टोक तारेच्या ब्रशने घासू नका आणि गॅप काढायला त्यावर काही दाबू नका.

डबल प्लग

ज्यांच्या गाडीला एकाहून जास्त प्लग आहेत त्यांच्यासाठी: डीटीएसआय पल्सरला दोन असतात, एनएस२०० ला तीन. सगळे एकाच वेळी बदला. एक प्लग मेला तरी गाडी बाकीच्यांवर चालत राहते, फक्त ॲव्हरेज आणि पिकअप पडतो, आणि माणूस दोष भलतीकडे शोधत बसतो.

निवांत स्वार

सगळ्यांचे आभार. आज फक्त जुना प्लग काढून बघितला. खड्ड्यातून बरीच वाळू निघाली! टोकावर कोरडी, मखमली काळी काजळी आहे, बोटाला लागते. तेलकट नाही. फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप ०.९ भरली, मॅन्युअलमध्ये ०.७ आहे. नवा प्लग लावला की संपलं का?

जुना फिटर

गॅपमुळे मिसिंगचा खुलासा होतो. गॅप वाढली की ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि जोरात ओढताना सिलिंडरमधला दाब वाढलेला असतो, तिथेच ती कमी पडते. नव्या प्लगचीही गॅप मोजा, खोकं पडलेलं असू शकतं. कमी-जास्त करायची तर बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोडच हलवा, मधल्याला धक्का नको.

काजळीचं मात्र कारण शोधा. ओला तेलकट काळा असता तर पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील खराब म्हटलं असतं, पांढरा फटक असता तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) किंवा प्लग जास्त गरम. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, नाहीतर प्लग तापतच नाही. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की काजळी आपोआप जळते. रोज अगदी जवळच्याच फेऱ्या होत असतील तर तो तिथवर पोचत नाही. चोकची केबल पूर्ण मागे येते का, ते आधी बघा. ती अर्धवट अडकलेली असेल तर नवा प्लगही काळा होणार. चोक ठीक असेल तर कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग.

तेलकट हात

कॅपही काढून बघा. आत हिरवट गंज असेल किंवा रबर फाटलं असेल तर पावसाळी हवेत करंट बाहेरून पळतो. आणि ठिणगी बघायला प्लग उघड्या भोकाशेजारी धरून सेल्फ मारू नका. भोकातून पेट्रोलची वाफ येते, पेट घेते.

निवांत स्वार

चोकची केबल खरंच अडकत होती, लिव्हर सोडला तरी पूर्ण मागे जात नव्हती. तेल सोडून मोकळी केली. उद्या सकाळी थंड इंजिनावर नवा प्लग. जुना टाकून देऊ की सीटखाली ठेवू?

जुना फिटर

चिनीमाती शाबूत असेल तर ठेवा. काजळी मऊ ब्रशने झटका, गॅप ०.७ करा, टोकाला पुठ्ठ्याची नळी गुंडाळा आणि पाना सोबत ठेवा. नवा प्लग काही शे किलोमीटर चालला की थंड इंजिनावर एकदा काढून रंग इथे कळवा. फिकट तपकिरी किंवा राखाडी आला तर कार्ब्युरेटरला हात लावायचं कारण नाही.