रक्त ‘पातळ’ झालं म्हणजे नक्की काय?

काकांच्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन १३ वरून ११.५ वर आलं. रक्त तर फारसं गेलं नव्हतं. भूलतज्ज्ञ म्हणाले, “बीपी सांभाळायला सलाइन दिलंय, रक्त पातळ झालंय.” काकू घाबरल्या, “अहो, यांच्या रक्त पातळ व्हायच्या गोळ्या तर आठवड्यापूर्वीच बंद केल्या होत्या!” या दोन ‘पातळ’मध्ये फरक आहे ना? ‘हिमोडायल्यूशन’ला मराठीत काय म्हणावं?

—

काकूंचा काही दोष नाही, घोळ शब्दाचाच आहे. गोळ्यांनी रक्त पातळ होतच नाही. ॲस्पिरिन, वॉरफरिन वगैरेंनी ते लवकर गोठत नाही, एवढंच. खरं पातळ झालं ते काकांचं सलाइनमुळे. ऐन वेळी पाहुणे आले की आमटी ‘वाढवतो’ ना, तसं. डाळ तेवढीच, पाणी जास्त. तांबड्या पेशी तेवढ्याच राहिल्या, दर डेसिलिटरमागे कमी भरल्या.

शाळेत ‘विरल आम्ल’ आणि ‘संहत आम्ल’ शिकलोय, त्यामुळे ‘रक्तविरलन’ मला पटतो. ‘रक्ततनुकरण’ मात्र नको, घशात अडकतो. (आणि ‘रक्ताचं पाणी करणं’ आधीच कष्टकऱ्यांच्या नावावर लागलंय!)

—

रोज भूल देणारी म्हणून थोडी भर घालते. घोळ ‘बीपी कंट्रोल’मध्येही आहे. बाहेर त्याचा अर्थ वाढलेलं बीपी खाली आणणं. थिएटरमध्ये बहुतेकदा उलट असतं. भुलेच्या औषधांनी रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो आणि तो वर धरून ठेवावा लागतो. म्हणून मी ‘दाब राखणं’ म्हणते.

आता दाब कशाने राखला यावर विरलन ठरतं. सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट ओतत राहिलं, तर रक्त विरल होतं. त्यात भुलेखाली दाब उतरलेला असला की लघवीही कमी होते, म्हणून ते पाणी जागेपणी टिकतं त्याहून जास्त वेळ अंगात राहतं. फेनिलेफ्रिन किंवा नॉरअ‍ॅड्रिनलिनने वाहिन्या आवळून दाब राखला, तर पाणी कमी लागतं आणि विरलनही कमी. आणखी एक, दाब उतरला की केशवाहिन्यांतलाही उतरतो आणि आजूबाजूच्या पेशीजालातलं पाणी आत ओढलं जातं. म्हणजे बाटली लावायच्या आधीच थोडं विरलन सुरू झालेलं असतं.

—

मग ‘विरल होणं’ आणि ‘विरल करणं’ असं वेगळं लिहावं लागेल. काही मोठ्या शस्त्रक्रियांआधी रुग्णाचंच एक-दोन पिशव्या रक्त काढून ठेवतात, जागी सलाइन भरतात आणि शेवटी ते रक्त परत देतात. तिथे विरलन मुद्दाम केलेलं असतं, काकांचं आपोआप झालं.

—

छान. आणि गोळ्यांना?

—

‘गोठणरोधक’. ॲस्पिरिनला काटेकोरपणे तोही बसत नाही, ती बिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाही. पण मेडिकलवाल्याकडे काकू ‘रक्त पातळ व्हायची गोळी’च मागणार, आणि त्याला ते बरोबर कळणार.